वॉकओव्हरचा हंगाम

त्या वर्षी आमच्या बालाघाटच्या कॉलेजनं फुटबॉलचा अंतिम सामना गाठला, आणि तोवर समोरच्या संघातल्या एकाही पोराचा पाय चेंडूला लागला नव्हता. पहिल्या फेरीतल्या कॉलेजात संप होता. दुसऱ्या फेरीतल्यांची परीक्षा अचानक पुढं आली. दोन्ही वेळा आम्ही एकटेच मैदानावर होतो आणि दोन्ही वेळा जिंकलो.

हे सांगताना मला हसू येतं आणि पाठोपाठ स्वतःचा रागही येतो, कारण त्या संघाचा मॅनेजर मी होतो. मी शिकवायचो राज्यशास्त्र. स्टाफरूममध्ये एकदा बोलून गेलो, की पोरांना निदान बूट तरी द्या. दुसऱ्या दिवशी प्राचार्य गुणाकरसाहेबांनी खेळाच्या कपाटाची किल्लीच माझ्या हातात ठेवली. कपाटात दोन चेंडू, एक पंप आणि भरपूर झुरळं होती. मी तदर्थ प्राध्यापक. दर जुलैत साहेबांच्या सहीनं माझी नेमणूक नवी व्हायची, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

वॉकओव्हरची एक रीत असते. अर्धा तास वाट पाहायची. मग रेफ्री शिटी मारतो, आपले अकरा जण रांगेत उभे राहतात, कॅप्टन चेंडू नेऊन रिकाम्या गोलात घालतो आणि मॅनेजर कागदावर सही करतो. आमच्याकडे त्यापुढची रीत साहेबांची होती. ते स्वतः गोलच्या खांबावर नारळ फोडायचे आणि पेढे वाटायचे. न खेळता जिंकल्याचा त्यांना जो आनंद व्हायचा, तो खेळून जिंकणाऱ्यालाही होत नसेल.

कॅप्टन होता पुनाराम मेश्राम, किरनापूरजवळच्या खेड्यातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वडील महागू वनखात्याच्या बांबू डेपोवर रोजंदारीनं जायचे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण पुनारामच्या डाव्या पायाशी चेंडू आला की रस्त्यावरचे सायकलवाले एक पाय टेकून थांबायचे, एवढं मला दिसायचं.

विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या पोरांसाठी वनखात्यात काही जागा असायच्या. बाप ज्या डेपोवर ओझी उचलतो, तिथं खाकी घालून उभं राहायचं, हे पुनारामच्या मनात पक्कं बसलं होतं. त्या संघातल्या निवडीचा नियम मात्र साधा होता: हंगामात निदान एक सामना खेळलेला पाहिजे आणि तो निवड समितीच्या माणसानं पाहिलेला पाहिजे. वॉकओव्हर धरत नाहीत. पुनारामचं हे शेवटचं वर्ष, आणि त्याच्या नावावर होते रिकाम्या गोलात घातलेले दोन चेंडू.

अंतिम सामना बालाघाटलाच ठरला, शहाऐंशीच्या जानेवारीत, दुपारी साडेतीनला. समोरचा संघ डोंगरापलीकडून बसनं येणार होता आणि त्याची ख्याती मोठी होती. जबलपूरहून निवड समितीचे दुबेजी आले, कानाला मफलर गुंडाळून. पाचच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं. पुनारामनं बुटांना खोबरेल तेल लावून ते चकचकीत केले होते.

साडेतीन झाले. पावणेचार झाले. बस नाही.

चारला रेफ्री भैयालाल माझ्याकडे आला. तो एरवी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून, माणूस सरळ. म्हणाला, "सर, नियम से टाइम हो गया. पर आप लिखकर दे दो तो आधा घंटा और रुक जाते हैं. बस आपकी मर्जी चाहिए."

दुबेजी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "साढ़े चार तक तो मैं भी बैठा हूँ."

पुनाराम जवळ येऊन उभा राहिला. "सर, थांबून घ्या ना. मले एकच मॅच पाह्यजे. हारलो तरी चालते."

"हौ, थांबू," मी म्हणालो आणि खिशातून पेन काढलं. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला.

"नीळकंठराव, काय लिहून राह्यले? ते आले तर पाच गोल मारून जातीन आपल्याले. बारा वर्षांनी शिल्ड येऊन राह्यली घरी, अन् तुम्ही तिले दारातून वापस पाठवता?"

"साहेब, पोराच्या निवडीचा प्रश्न आहे."

"प्रश्न सगळ्यांचेच आहेत. जुलै काही दूर नाही," साहेब शांतपणे म्हणाले. हातातल्या नारळाची शेंडी ते सोलत होते.

मी वॉकओव्हरच्या कागदावर सही केली. मी घाबरलो, दुसरं काही कारण नाही. घरी बायकोला, मीनाक्षीला, दिवस गेले होते, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, हे सगळं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. सही करताना यातलं काहीच आठवलं नव्हतं. फक्त साहेबांचा नारळ दिसत होता.

शिटी वाजली. पुनारामनं चेंडू गोलपर्यंत नेला आणि रेषेवर थांबला. रस्त्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. मी बुटाच्या नाडीशी काहीतरी करत बसलो. त्यानं उजव्या पायानं चेंडू हळूच आत ढकलला. डावा पाय त्यानं वापरला नाही.

नारळ फुटला, पेढे निघाले. दुबेजींनी एक पेढा खाल्ला, एक खिशात टाकला आणि रिक्षात बसून स्टेशनकडे गेले. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजून बावीस मिनिटांनी बस आली.

उतरलेल्या पोरांचे हात कोपरापर्यंत काळे होते. वाटेत चाक दोनदा बदललं होतं. त्यांच्या कॅप्टननं फुटलेला नारळ पाहिला आणि सगळं समजला. पण तो भला पोरगा होता. पुनारामला म्हणाला, "शील्ड तुम रखो भैया. हम सुबह छह बजे से बैठे हैं, खेले बिना नहीं जाएँगे."

साहेबांची शिल्ड पक्की झाली होती, त्यांनी उदारपणे मान डोलावली. भैयालालनं कागद बाजूला ठेवला आणि नुसती शिटी घेऊन मैदानात उतरला. मी चपराशी डोमाजीची सायकल ओढली आणि स्टेशनकडे पिटाळली.

दुबेजी फलाटावरच्या बाकावर संत्रं सोलत बसले होते. पाचची गाडी दीड तास उशिरानं येणार, असं फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. माझ्या जिवात जीव आला.

"साहब, बस आ गई. खेल शुरू हो गया है. मैदान यहीं है, पटरी के उस पार. चलिए, गाड़ी को बहुत देर है."

दुबेजींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "देख भी लूँ तो लिखूँगा कहाँ? कागज पर मैच हो चुका. दस्तखत आप ही का है ना?"

"मेरा ही है."

"फिर?"

मी हात जोडले. पोराचं नाव सांगितलं, बापाचं काम सांगितलं. साहेबांचं आणि जुलैचंही सांगितलं, जे मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. ते ऐकत राहिले, माणूस वाईट नव्हता. मला अर्धं संत्रं दिलं. मी ते धरून बसलो.

तेवढ्यात रुळांपलीकडून ओरडा झाला. थोड्या वेळानं दुसरा झाला. फलाटावरचे हमाल माना उंच करून पाहू लागले.

तिसरा ओरडा इतका मोठा होता की दुबेजींचाही हात थांबला. "ये किसका होगा?"

"पुनाराम का," मी म्हणालो. दिसत काहीच नव्हतं, पण मला खात्री होती.

"अच्छा लड़का होगा," दुबेजी म्हणाले आणि साली गोळा करून पिशवीत भरू लागले.

मी तेव्हा तरी उठून मैदानावर जायला हवं होतं. पाच मिनिटांचा रस्ता. पण पुनारामच्या समोर रिकाम्या हातांनी जायची हिंमत होईना. गाडी आली, दुबेजी गेले, मग मी सायकल हातात धरून चालत निघालो.

मैदानावर तो एकटाच होता. चेंडू कपाटात ठेवायचे होते आणि किल्ली माझ्याकडे होती. गुडघा फुटला होता. चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना.

"तीन दोन, सर. आपणच जिंकलो. तिसरा मी डाव्यानं मारला, पार दूरून. पाह्यला ना तुम्ही?"

त्यानं विचारलं आणि थांबला. दुबेजींचं नावसुद्धा काढलं नाही.

"हौ," मी म्हणालो. "पाह्यला ना."

"मंग झालं," पुनाराम म्हणाला. "मले वाटलं, आपला कोणीच नव्हता पाह्याले."

त्यानं दोन्ही चेंडू माझ्या हातात दिले आणि किरनापूरच्या बससाठी लंगडत निघून गेला.