नळीतला दोष

“ताई, डोळे मिटा, छताचा भुसा पडेल,” नळीवाले शिडीवरून म्हणाले. खाटेवरच्या ताईंनी डोक्यावरून चादर ओढून घेतली आणि आतूनच विचारलं, “आणि तुम्हीच पडलात तर?”

“मग चादरीचा काही उपयोग नाही.”

चादर हसली. नळीवाल्यांनी करवत चालवून छताचं भोक पुरं केलं.

घर दोन घरांच्या मध्ये चेपून बसवलेलं होतं. पुढच्या खोलीला रस्त्याचा उजेड, मागच्या स्वयंपाकघराला परसातला. मधल्या खोलीच्या वाट्याला मात्र काहीच नाही. याच खोलीत बल्बखाली मान मोडून ताईंनी एकतीस वर्षं शर्टांना काजं केली आणि बटणं लावली. त्या काजांवर मुलगा शिकला, बोटीवरचा मेकॅनिक झाला. तीन वर्षं खेटे घातल्यावर त्याला मोठ्या बोटीवर जागा मिळाली होती आणि आठ दिवसांनी तो दोन वर्षांसाठी निघणार होता. जायच्या आधी आईच्या खोलीत उजेड आणायचाच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. जेवणाचं शेजारीण बघणार होती, उजेडाचं नळीवाल्यांनी बघायचं होतं.

वस्तू तशी साधी. छपरावर पारदर्शक टोपी, खोलीच्या छताला दुधी काच, आणि दोन्हींच्या मध्ये आतून आरशासारखी चकचकीत नळी. वरचं ऊन तिच्यात आपटत आपटत खाली उतरतं. ना वीज, ना बटण. बावीस वर्षांत नळीवाल्यांनी इतक्या घरांत नळ्या बसवल्या होत्या की त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची एक खोड होती. काम चालू असताना ते वरच्या टोपीवर जाड फडकं बांधून ठेवत. सगळं झालं की फडकं काढायला घरातल्याच कुणाला तरी वर पाठवत आणि स्वतः खाली थांबत. अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा दिवस उतरला की माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघण्यात त्यांची अर्धी मजुरी वसूल होई.

दुधी काच बसली. मुलाला वर धाडलं. फडकं काढून झालं की छपरावरचा कचराही झाडून घे, असंही त्याला सांगून ठेवलं. वर पावलं वाजली, आणि खोलीत एकदम उजेड झाला.

ताईंनी चादर बाजूला सारली. “अगं बाई, भिंतींना हा रंग होता होय? आता सगळं दिसतंय, पण सुईत दोरा ओवायचं वय होतं तेव्हा कुठे होतात, भाऊ?”

नळीवाले हसायला गेले आणि थांबले. ताई पिवळ्या दिसत होत्या.

त्यांनी पहिला संशय घेतला तो स्वतःच्या कामावर. नळीला आतून पातळ प्लास्टिक चिकटवलेलं येतं, बसवण्याआधी ते सोलून काढावं लागतं. नवशिके कारागीर विसरतात आणि मग उजेडाला रंग चढतो. बावीस वर्षांत त्यांचं असं कधी झालं नव्हतं, पण वय झालं, झालं असेल. या विचाराने त्यांना चक्क बरं वाटलं. शिडीवर चढून त्यांनी काच उतरवली आणि आत हात घातला. नळी स्वच्छ होती. खिशातला पांढरा कागद उजेडात धरला, तो पांढराशुभ्र दिसला. स्वतःचा तळहात धरला, तोही नेहमीसारखाच. त्यांनी पुन्हा ताईंकडे पाहिलं. कातडीचं एक वेळ सोडून द्या, पण डोळ्यांचं पांढरं म्हणून जे असतं तेही पिवळं होतं.

“उतरा खाली, भाऊ,” ताई हळूच म्हणाल्या. “नळीत काही नाही. महिना झाला, माझं मला कळलंय. अन्न जात नाही, अंगाला खाज सुटते. बल्बखाली त्याच्या लक्षात आलं नाही, बरंच झालं.”

“त्याला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं तर तो जाईल होय? बोट काय त्याच्यासाठी थांबणार आहे? आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. ते फडकं परत बांधा. सांगा, टोपीभोवती लावलेला मसाला वाळायचाय, आठ दिवस उघडायचं नाही. तो गेला की मी स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जाईन. तुम्हाला शब्द देते.”

नळीवाले शिडीच्या पायरीवरच टेकले.

त्यांची बायको बेकरीत रात्रपाळीला असे. सकाळी ती येई तेव्हा हे निघायच्या घाईत, ती निजायच्या. दिवसा तिला झोप लागावी म्हणून साऱ्या गावाला उजेड वाटणाऱ्या या माणसाने आपली निजायची खोली अंधारी ठेवली होती. हौसेने ठेवली होती, तिच्यावरच्या मायेने ठेवली होती. एका सकाळी ते तिला म्हणाले होते, “तू पिवळी दिसतेस गं.” ती म्हणाली, “बल्ब पिवळा आहे.” बल्बच्या उजेडात रंगाचा भरवसा धरू नका, असं गिऱ्हाइकांना उठल्याबसल्या सांगणारा हा माणूस त्या दिवशी “असेल” म्हणाला आणि डबा उचलून कामाला गेला. दारापर्यंत नेऊन तिला उजेडात बघायला दोन मिनिटं लागली असती. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, लवकर का नाही आणलंत. तिला ठाऊक होतं का, तीही असंच काही पोटात घालून होती का, हे आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

“भाऊ,” ताई म्हणाल्या, “हा माझ्या घरचा मामला आहे.”

ते खरंच होतं. छपराला भोक पाडायला आलेल्या माणसाने घरात किती बोलायचं, याची त्यांना चांगली समज होती. या मुलाच्या तीन वर्षांच्या खेट्यांवर पाणी ओतणारे आपण कोण, असंही त्यांच्या मनात आलं. वर झाडूचा आवाज थांबला. मुलगा मागच्या दाराने आत आला, हात झटकत, तोंडभर हसत.

“कशी आहे खोली, आई?” असं विचारता विचारता तो खाटेपाशी आला आणि थबकला. आईकडे बघितलं, वर काचेकडे बघितलं, पुन्हा आईकडे.

“काका, नळीत काही दोष आहे का? आई पिवळी दिसतेय.”

“तेच सांगतेय मी यांना मघापासून,” ताई घाईने म्हणाल्या. “नळीच सदोष आहे. बदलून देतो म्हणालेत आठ दिवसांत. हो ना, भाऊ?”

त्या हसत होत्या, पण उजेडात त्यांचे डोळे हात जोडल्यासारखे नळीवाल्यांवर खिळले होते. एक “हो” म्हणायचा अवकाश होता. पोरगा बोटीवर गेला असता, म्हातारी समाधानाने निजली असती, आणि नळीवाल्यांच्या नावाला लागलेला बट्टा आठ दिवसांत पुसला गेला असता. “हो” अगदी त्यांच्या ओठांवर आलं होतं.

“नळी चांगली आहे,” ते म्हणाले. “आजच डॉक्टरकडे न्या त्यांना.”

मुलगा खाटेच्या कडेवर बसला. त्याने आईचा हात उचलून आपल्या हाताशेजारी धरला आणि कितीतरी वेळ दोन्ही हात नुसते बघत राहिला. ताईंनी नळीवाल्यांकडे पुन्हा पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला एवढंच सांगितलं, की बाहेर जायचं तर कपाटातलं चांगलं लुगडं काढ, आणि फणी दे.

नळीवाल्यांनी भुसा गोळा केला, करवत पिशवीत घातली. शिडी मिटताना तिचे पाय खाडकन एकमेकांवर आपटत, म्हणून त्यांनी मध्ये आपला हात धरला. हात चिमटला. तो तसाच ठेवून ते शिडी घेऊन बाहेर पडले.