चांगुणानं बांधून दिलेली पेटी

लातूर नवा जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्यांवर पाट्या लागल्या. पाण्याला मात्र तिकडे बदलीचा हुकूम कुणी दिला नाही. दुष्काळ ठाण मांडून बसला होता. अशात पंचशीला मस्कतला निघाली. नवरा नरसिंग तिथं वायरिंगच्या कामावर होता. संसार मांडायचा म्हणून तिच्या आईनं, चांगुणानं, पेटी भरली: तांब्याची घागर, तवा, पोळपाट, चादरी. चांगुणा सरकारी दवाखान्यात आया होती. पेटी एवढी जड का, असं लेकीनं विचारलं तर म्हणाली, "संसार हलका असतोय व्हय?"

मस्कतच्या कस्टमवाल्यानं पेटी उघडायला लावली आणि चादरींच्या घड्यांतून काचेच्या बाटल्या निघू लागल्या. सलाईनच्या, रबरी बुचाच्या, गच्च भरलेल्या. पंचशीलाच्या पायाखालची जमीनच सरकली. दारू सापडली तर थेट तुरुंग आणि नवऱ्याची नोकरीही जाईल, असं नरसिंगनं पढवून ठेवलं होतं.

"क्या है ये?" साहेबानं उर्दूत दरडावलं.

तिनं बाटली उजेडात धरली. तळाशी लालसर गाळ. टँकरचा! टँकर आला की चांगुणा घरातलं एकही भांडं रिकामं ठेवत नसे. निघताना ती पुटपुटलेली, "परमुलूख हाय, पहिल्या दिवशी पानी कुठं हुडकशील?" त्याचा अर्थ आत्ता लागला. आईचा रागही आला आणि रडूही.

"पानी है, साब. हमारे इधर सूखा पड्या है. अम्मा बांध को दी."

"पानी कोई लाता है? पी के दिखाओ."

तिनं बूच काढलं आणि घटाघटा प्यायली. घसा सकाळपासून कोरडाच होता. साहेबानं दुसरी बाटली उघडून हुंगली, तिसरी उघडली.

"मेरी माँ भी यही करती," म्हणाला आणि पेटीवर खडूनं फुली मारली. पंचशीलाचा जीव भांड्यात पडला.

खोलीवर पोचताच नरसिंगनं कौतुकानं नळ सोडून दाखवला. पाणी धो धो.

"आता ते बाटल्यांतलं वतून टाक की."

"हात तर लावून बघ," ती म्हणाली आणि त्याच पाण्याचा चहा टाकला. नरसिंगनं एक घोट घेतला आणि मान खाली घातली. लातूर सोडून त्याला दोन वर्षं झाली होती.

सकाळी तिनं आईला पत्र लिहिलं. खुशाली, प्रवास सगळं मागाहून. पहिलीच ओळ होती, "आई, पाणी पुरलं."