अंड्याजवळचे तीन दगड

माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. मेंढ्या चारताना ते दिसलं की छबुबाई दहा पावलांवर तीन दगड रचायची आणि कळप लांबून वळवायची.

आष्टीकडचा हा माळ राखीव झाला, तेव्हा मी वनरक्षक. कायदा दाखवून मीच, शहाण्यानं, तिला हाकललं. मेंढ्या गेल्या, गवत कमरेएवढं वाढलं. माळढोकाला मोकळा माळ लागतो. तो गेला तो गेलाच.

परवा छबुबाईनं तारेबाहेरून विचारलं, "साहेब, पाखरू आलतं का?"

"न्हाई, मावशी."

"मंग एवढी तार ठोकून राखता काय?"

मी गवत बाजूला सारलं. तिचे तीन दगड तसेच रचलेले होते.