नरसिंहाच्या गाठी

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. नरसिंहाचा. वर्षातले तीनशे साठ दिवस मी मारुतीच्या देवळातल्या लाकडी पेटीत उताणा पडून असतो. माझे डोळे रंगवलेले आहेत, ते मला मिटता येत नाहीत. तोंड वासलेले आहे, पण तेही नुसते रंगवलेले, आरपार नाही; त्यातून आवाज निघत नाही. बाहेर कोण काय बोलते ते सगळे ऐकू येते, उत्तर मात्र देता येत नाही. माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हाला कळेल की कोंडले जाणे म्हणजे काय, आणि दुसऱ्याला कोंडणे त्याहून किती वाईट.

चौक आणि लोधिवली या दोन गावांच्या मधून डोंगराकडे वळले की आमचे गाव लागते. तिथे चैत्रात मारुतीच्या उत्सवाला सोंगे निघतात. एकेचाळीस साली जुन्या नरसिंहाला वाळवी लागली, म्हणून मला घडवायचे ठरले. हिरू नावाच्या बुरडिणीने बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणला, सुपाएवढा रुंद. आबाजी सुताराने त्यावर कागदाचा लगदा थापला. चिंचोक्याच्या खळीत मेथी वाटून घातली, म्हणजे कीड लागत नाही. वर जुन्या धोतराचे थर चिकटवले. हिंगुळाचा लाल रंग, काजळाच्या भुवया आणि मानेभोवती अंबाडीच्या धाग्यांची पिवळी आयाळ. मी वाळत होतो तेव्हा हिरू मला न्याहाळत म्हणाली, "आबा, नाकाची भोकं मोठी कर. आत मानूस बसनार हाय, कोंबडी नाय."

आबाजी हसला. "मोठी केली तं त्वांड बिघडतं गं. सिंव्हाचं नाक नाजूक पायजे."

मला तेव्हा आबाजीचेच म्हणणे पटले होते. देखणे दिसावे असे कुणाला वाटत नाही?

माझे वजन आठ शेर. एवढे ओझे डोक्यावर घेऊन नाचायचे तर ते घट्ट बसले पाहिजे. ते काम येसाजीतात्यांचे. आधी माणसाच्या डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर मी. मग चार दोऱ्या. दोन खांद्यांवरून, दोन काखेतून, आणि चारींच्या गाठी पाठीवर, नेसणाऱ्याचा हात पोचणार नाही अशा जागी. तात्यांचे वडील तरुणपणी रावण झाले होते. ऐन युद्धात त्यांचा मुखवटा गळून पायाशी पडला आणि अख्खे गाव हसले. म्हातारा मरेपर्यंत लोक त्याला 'बिनतोंडाचा रावण' म्हणत. तेव्हापासून तात्यांचा एकच हट्ट, गाठ सुटता कामा नये. दोरी पाण्यात भिजवून ते ती आवळत, म्हणजे वाळली की आणखी करकचते.

मला नेसायचा तो धाकलू. उंच, काटक, हसरा माणूस. भाताची दोन मणांची पोती उचलून तो शीळ घालत चालायचा. पहिली दोन वर्षे त्याने मला नाचवले. लोक म्हणायचे, "काय तो नरशिंव्ह! डोळं जिवंत हायत जनू!" बाया लेकरांना माझ्या पाया पडायला आणत. मी फुगून गेलो होतो, मित्रांनो. आत धाकलूचा श्वास कसा चालतो याकडे माझे लक्षच नव्हते.

त्रेचाळीस साली लढाईमुळे रॉकेल मिळेनासे झाले. हमरस्त्याने दिवसभर लष्करी लॉऱ्या धावत, आणि गावात गॅसबत्तीला थेंबभर तेल नव्हते. म्हणून त्या वर्षी सोंगे भर दुपारी करायची ठरली.

तुम्हाला नरसिंहाची गोष्ट ठाऊक आहे. तो खांबातून प्रकटतो. आमचा खांब बांबूचा, वरून कागद लावलेला, आणि आत जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. तात्यांनी मला धाकलूच्या डोक्यावर बांधले आणि त्याला खांबात उभे केले. समोर लडकू हिरण्यकश्यपू झाला होता. लडकू मोठा गमत्या. त्या दिवशी त्याने रेशनच्या साखरेवर दोन विनोद केले. लोक खदखदून हसले. मग त्याला चेव आला. एकाचे दोन, दोनाचे दहा. तो बोलतच राहिला.

खांबात वारा नव्हता. कागद तापून पापडासारखा झाला होता. धाकलूचा घाम माझ्या आतल्या कापडात मुरला, पाठीवरच्या दोऱ्या तापाने वाळल्या, गाठी करकचल्या. त्याचा श्वास माझ्या दोन नाजूक भोकांतून शीळ घातल्यासारखा निघत होता. मग शीळही बारीक झाली. "तात्या," तो म्हणाला. "तात्या, सोडा." पण माझ्या पोटात आवाज घुमतो आणि बाहेर नुसती गुरगुर येते. बाहेर कुणीतरी म्हणाले, "ऐका, सिंव्ह गुरगुरतोय!" आणि टाळ्या पडल्या.

शेवटी लडकूने खांबाला लाथ मारली. धाकलू बाहेर पडला तो झोकांड्या खात. तो दोन्ही हातांनी मला ओरबाडू लागला. माझी आयाळ उपटली, गालावरचा रंग निघाला. लोक उठून उभे राहिले. "अंगात आलं! देव आला अंगात!" ढोलवाल्याने ढोल वाढवला. चार माणसे हात जोडून पुढे आली. मला वाटले, आता तरी फाटावे, दुभंगावे. पण आबाजीने मला पक्के केले होते. ज्या पक्केपणाचा मला तोरा होता, तोच त्या माणसाच्या गळ्याला बसला होता.

बायकांच्या बाजूला सुंदरा बसली होती, धाकलूची बायको. तिने त्याचे पाय पाहिले. ढोल एकीकडे चालला होता आणि पाय भलतीकडेच. तिने शेजारच्या इंदूबाईच्या चंचीतून अडकित्ता उपसला आणि थेट मंचावर चढली. आमच्या गावात बाई मंचावर कधी चढली नव्हती. तात्या ओरडले, "खाली उतर! देवाला शिवू नको!"

"द्येव नाय त्यो," सुंदरा म्हणाली. "मालक हायत माजं. मरत्यात ते!"

तिने सुपारी कातरावी तशा दोऱ्या कातरल्या. एक, दोन, तीन. चौथी तुटेना तेव्हा माझा कान धरून तिने मला उपसून काढले. कान मोडून तिच्या हातात राहिला आणि मी फळ्यांवर घरंगळलो. तिथून मी धाकलूचे तोंड पाहिले. सोंग चालू असताना मी ते पहिल्यांदाच बाहेरून पाहत होतो. ओठ जांभळे, डोळे पांढरे. कुणीतरी पाण्याची घागर ओतली. बऱ्याच वेळाने त्याची छाती हलली.

धाकलू वाचला. पण हिरण्यकश्यपू त्या वर्षी मेला नाही, सोंग अर्धे राहिले. आणि मिरगाचा पाऊस पंधरा दिवस लांबला. गावाला कारण मिळाले. बाई मंचावर चढली, तिने देवाचा कान मोडला. पाणवठ्यावर सुंदरा आली की बाकीच्या बाया कळशा उचलून बाजूला होत. मला पेटीत टाकून कुलूप लावले. मोडका कानही माझ्याशेजारी टाकला, कुणी जोडला नाही.

तीन वर्षे, मित्रांनो! एक उत्सव गेला, दुसरा गेला. ढोल ऐकू यायचे आणि मी अंधारात पडलेला. उंदराच्या पिल्लांनी माझ्या आयाळीत घर केले. देवळात लोक बसत, बोलत. "सुंदरीनं द्येव बाटवला," असे म्हणत. मी ओरडून सांगू पाहत होतो की तिने बाटवले नाही, मी मारत होतो, तिने वाचवले. पण माझा शब्द झाकणाला लागून माझ्याकडेच परत येई. धाकलू त्या माझ्या आतल्या अंधारात असाच ओरडला होता. आता माझी पाळी होती.

सेहेचाळीस सालच्या उत्सवाआधी गाव देवळात जमले. आबाजी सुतार आता थकला होता. तो उठून म्हणाला, "पेटी उघडा. मला बोलायचं हाय." मला बाहेर काढले. तीन वर्षांनी उजेड! आबाजीने माझ्या नाकावर बोट ठेवले.

"ही भोकं मी बारीक ठेवली. हिरू मोठी कर म्हनत हुती, मी ऐकलं नाय. त्वांड चांगलं दिसावं म्हनून. चूक माजी हाय, त्या पोरीची नाय."

"भोकांचं काय घेऊन बसलास?" तात्या म्हणाले. "तिनं गाठ तोडली!"

"मग तुमी नेसून बगा, तात्या. तुमच्याच गाठी. नाचायचं नाय, निस्तं बसायचं. मी पान खाऊन हुईस्तवर."

तात्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना बांधले होते, स्वतः कधी आत गेले नव्हते. पण माघार घेतील तर तात्या कसले! ते खाली बसले. लडकूने भिजवलेल्या दोरीने त्यांच्याच पद्धतीच्या चार गाठी मारल्या. आबाजीने पान तोंडात घातले आणि सावकाश चघळू लागला.

आत तात्यांचा श्वास आधी संथ होता. मग भराभर झाला. त्यांचे हात पाठीकडे गेले, पोचले नाहीत. मी त्यांना ओळखत होतो, ते भित्रे नव्हते. पण अंधार आणि आपलाच गरम श्वास पुन्हा पुन्हा तोंडावर येऊ लागला की शूर माणूसही घाबरतो. ते काहीतरी बोलले. बाहेर गुरगुर ऐकू आली.

"काय म्हनत्यात?" लोक एकमेकांना विचारू लागले. कुणाला कळेना. तात्या जोराने बोलले, गुरगुर वाढली. दोघे तर हसलेसुद्धा.

देवळाच्या पायरीपाशी, सगळ्यांपासून दूर, सुंदरा उभी होती. ती म्हणाली, "सोडा म्हनत्यात."

कुणी हलले नाही. मग तीच पुढे आली आणि गाठींना हात घातला. गाठी सुटेनात. तिने दातांनी दोरी धरली, ओढली, एकेक गाठ सैल केली आणि मला वर उचलले. तात्यांचा चेहरा घामाने आणि कशाने कुणास ठाऊक, पार ओला झाला होता. बराच वेळ ते नुसते श्वास घेत बसले. मग त्यांनी सुंदराकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला डोक्यावर घेऊन चौकला गेले. तिथे जमाल नावाचा कारागीर टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचा. त्याने मला फिरवून पाहिले, गाठींची हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, घोडा पडला तं साज एका वढीत सुटला पायजे, नायतर जनावर मरतं. मानसाला येवढं तरी नको का?"

त्याने मला चामड्याचे पट्टे लावले. त्यांची कडी छातीवर घेतली, नेसणाऱ्याच्या हाताशी. ओढली की सगळे सुटते. आबाजीने भोके मोठी केली आणि कान जोडला. आता मी पूर्वीइतका देखणा राहिलो नाही. नाक फेंदारलेले दिसते, जोडाची रेघ दिसते. मला त्याचे काही वाटत नाही.

धाकलूने मला पुन्हा नेसले नाही. त्याला अजून बंद खोलीत झोप येत नाही, तो अंगणात निजतो. एकदा कोंडलेला माणूस सुटला तरी पुरता सुटत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो. आता लडकू नरसिंह होतो.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना जपा, वाळवीपासून, ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण आमच्या शोभेपायी आमच्या आतल्या माणसाला विसरू नका. त्याचा आवाज नीट ऐकू येत नसेल, तर जवळ जाऊन ऐका.

सेहेचाळीसच्या त्या उत्सवातही रॉकेलअभावी सोंगे दुपारीच होती. सगळे तयार होते. ढोल वाजू लागला होता. लडकू मला डोक्यावर घेऊन उभा होता, आणि पट्टे हातात धरून येसाजीतात्या थांबले होते. लोक ओरडू लागले, "तात्या, उशीर होतोय, बांधा की!"

तात्यांनी बायकांच्या रांगेकडे नजर टाकली आणि पट्टे खाली सोडले.

"सुंदरा अजून आली नाय," ते म्हणाले. "ती येऊन फुडं बसू दे. मग बांधू."