फैलाकाची सहल

बोटीत चढण्याआधी सुखदाने पुन्हा एकदा धक्क्याकडे वळून पाहिलं. मुझफ्फर बर्फाची पेटी उचलून येत होता, त्याच्यामागे रबिया. आणखी कुणी नव्हतं.

"तल्हा कुठाय?"

"घरीच ठेवला," रबिया म्हणाली. "वारा सुटणार म्हणतात. त्याला बोट लागते."

समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत पडला होता. प्रभा आणि चंद्रहासही दोघंच आले. "मुलींना सर्दी झालीय," सुखदाने विचारण्याआधीच प्रभा म्हणाली.

कुवेतच्या उन्हाळ्यात मुलं घरात कोंडलेली असतात. नोव्हेंबरात उकाडा उतरला, की रिग्गई भागातल्या त्यांच्या इमारतीतली मराठी कुटुंबं एका शुक्रवारी फैलाका बेटावर जात. गेल्या वर्षी सुखदाची अंतराही होती. ती आणि तल्हा वाळूत खड्डे खणत राहिली होती, जेवायलासुद्धा उठली नव्हती. मग जूनमध्ये, बाहेर पाऊल टाकवत नव्हतं अशा दिवसांत, अंतराला ताप आला. मेंदूज्वर. सुखदा स्वतः नर्स होती. तरी काही करता आलं नाही.

यंदा जायला नको, असं तिचा नवरा स्वानंद म्हणेल असं तिला वाटलं होतं. उलट त्यानेच सगळ्यांना फोन केले. कामावरही तो लगेच रुजू झाला होता. तो सावरला, आपणच मागे राहिलो, असं ती धरून चालली होती. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवू लागली, की ती खिडकी उघडी ठेवी. एसी चालू आहे म्हणून तो ती लावून घेई.

आज मुलांसाठी तिने डबाभर शंकरपाळे तळून आणले होते.

बेटावर जेवणं झाली. ऊन सौम्य होतं. मोठी माणसं चटईवर नुसती बसून होती, कुणालाच काय करावं ते सुचत नव्हतं. स्वानंद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लांब पाण्यात उभा होता. रबिया भांडी विसळत असताना तिचा फोन वाजला. तो सुखदाच्या जवळ होता, तिने उचलला. पडद्यावर तल्हाचा चेहरा आला.

"आंटी, इज द सी व्हेरी बॅड? अब्बा सेड बिग वेव्ह्ज, सो नो किड्स."

सुखदाने समोर पाहिलं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"हो रे, खूप मोठ्या लाटा आहेत," ती म्हणाली. "बरं झालं, नाही आलास."

फोन ठेवल्यावर ती रबियाकडे वळली.

"माझ्यासाठी कशाला केलंत असं? मला हवी होती गं मुलं."

रबियाने ओले हात ओढणीला पुसले.

"तुझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "स्वानंदभाई परवा आमच्याकडे येऊन बसलेले. बोलता बोलता रडायला लागले. म्हणाले, मुलं समोर खेळली तर मला नाय बघवणार. पण सुखदाला कळू देऊ नका, ती आता कुठे सावरतेय."

सुखदाने स्वानंदच्या पाठीकडे पाहिलं. तो अजून तसाच उभा होता. तिला उठावंसं वाटलं, पण ती उठली नाही. शंकरपाळ्यांचा डबा तिने प्रभाच्या पिशवीत सरकवला.

परतीच्या बोटीत एक कुवेती कुटुंब चढलं. त्यांची मुलं आतल्या बाकांमधून धावू लागली. पुढचे दात पडलेली एक मुलगी सुखदाच्या शेजारी येऊन बसली आणि वेफर्सची पिशवी तिच्यापुढे धरली. सुखदाने एक वेफर घेतला. मुलीच्या कपाळावर आलेली बट तिने बोटाने मागे सारली. मुलगी हसली, आणखी जवळ सरकली.

सुखदाने आजूबाजूला पाहिलं. स्वानंद आत नव्हता.

थोडा वेळ ती तशीच बसली. मग उठून बोटीच्या मागच्या टोकाला गेली. तिथे इंजिनाच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नव्हतं. स्वानंद कठड्याला धरून उभा होता.

"इकडे कशाला आलीस? गार वारा आहे. आत बस ना."

"आत उकडतंय," सुखदा म्हणाली, आणि त्याच्याजवळ उभं राहून तिने स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.