मूळ प्रतीतली खुर्ची

जुने भाग जोडणारी म्हणून ऑफिसात तिला जोडारीण म्हणत; ती आयुष्यात प्रोग्रॅमची नवी ओळ लिहायची नाही, असंही म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. "आयतं पीठ मिळत असताना जातं कशाला ओढायचं?" हा तिचा बाणा. सगळ्या प्रोग्रॅमांच्या आवृत्त्या सांभाळणारी यंत्रणा उभी करायचं काम अंगावर पडलं, तेव्हाही तिने जुन्या कामांतले सुटे भागच गोळा केले. एक भाग आवृत्त्या साठवणारा, एक त्या ताडून पाहणारा, एक भांडणाऱ्या आवृत्त्यांचं मनोमीलन घडवणारा. मंजुरीचं कुलूप काकांनी लिहिलेलं. काका म्हणजे तिच्या खुर्चीवर तिच्याआधी बसणारा माणूस. ते वारले, फोटो होऊन खुर्चीमागच्या भिंतीवर गेले, पण त्यांचं कुलूप ठणठणीत होतं. शेवटचा भाग परतवणारा. मूळ प्रतीशी न जुळणारं जे दिसेल, ते मुकाट्याने पूर्ववत करणारा. हा कुठल्या कामातून आला, ते कुणालाच आठवेना. पण चालत होता, मग झालं तर!

साहेब इतके खूश झाले, की दारांची कार्डं, बसायच्या जागा, विम्यात नोंदवलेली पोरंबाळं, सगळंच त्यांनी यंत्रणेच्या पदरात टाकलं.

"चाचणी घेतलीस ना?"

"प्रत्येक भागाची घेतली, साहेब. एकेक भाग सोन्यासारखा आहे."

एकेक. सगळे एका दावणीला बांधल्यावर काय करतील, हे साहेबांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. चाचणीपुरती तिने हाताशी लागलेली एक जुनीपुराणी मंजूर प्रत मूळ प्रत म्हणून लावली होती. ती काढायची तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दाराने तिचं कार्ड ओळखलं नाही. रखवालदारानेही नाही.

"कोण हवंय, बाई?"

"दादा, थट्टा पुरे! गेल्या महिन्यात तुमच्या लेकीच्या लग्नात जेवून गेले मी."

"लग्न?" रखवालदार हसला. "लेक शाळेत जाते हो माझी."

कुणाच्या तरी मागोमाग ती आत घुसली. खुर्चीमागच्या भिंतीवर फोटो नव्हता, खिळासुद्धा नव्हता. फोटोतला माणूस खुर्चीत बसला होता. त्याने कोरडं खोकून टेबलावर बोटाचं पेर टकटक वाजवलं.

"बस, पोरी. घाई कुणाला आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. नवरा घरून बोलत होता.

"अगं, या लहान खोलीत खाट कुणाची ठेवलीयस? खाली एवढुसे बूटही आहेत."

"आपल्या चिमणीचे!"

"कोण चिमणी?"

जोडारणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूळ प्रत काकांच्या काळची. त्या प्रतीत ती नव्हती, मग तिच्या नावाखाली नोंदवलेली चार वर्षांची पोर कुठून असणार? परतवणारा बिचारा इमानाने आपलं काम करत निघाला होता.

"काका, कालची प्रत मंजूर करा. आता कुलूप तुमच्याच हाताला उघडतं. पाया पडते तुमच्या!"

काकांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि वाचायला घेतलं, लग्नाची पत्रिका वाचावी तसं सावकाश.

"गंमतच," फोनमधून आवाज आला. "बूट आत्ता इथे होते."

"काका, लवकर!"

"या प्रतीत मी कुठे दिसत नाही, पोरी."

तिने मंजुरीची कळ बोटाने दाखवली.

"रिटायर झालो?"

तिची नजर आपसूक मागच्या कोऱ्या भिंतीकडे गेली. काकांनीही मान वळवून तिकडे पाहिलं.

"अस्सं," ते म्हणाले. टकटक. "म्हणजे माझ्याच हाताने मला पुसायचं."

"माझी पोर जातेय हो, काका!"

"मी कुठे नाही म्हणतोय? आपण मनोमीलन करू. त्यासाठीच तर तो भाग आहे. तुझी प्रत राहील, माझीही राहील. खुर्ची तू घे. मला आपली कुठेतरी जागा असली म्हणजे झालं."

"जागा आहे कुठे?"

"तुझ्या नावाखाली आहे की एक." काकांनी गोड हसून तिच्याकडे पाहिलं. "मी तसा फार जागा घेत नाही."

तिला कळलं. कळून ती किंचाळणारही होती. पण फोनमधून नवऱ्याचा शांत आवाज आला, "अगं, मी तुला फोन कशासाठी केला होता?"

"करा," ती म्हणाली.

काकांनी कळ दाबली.

खुर्ची रिकामी झाली. भिंतीवर खिळा आला, खिळ्यावर चौकट आली, मात्र चौकटीत फोटोतला पाठीमागचा पडदा तेवढा उरला. दारात रखवालदाराने सलाम ठोकला. "एवढ्या सकाळी कुठे निघालात, ताई? लग्नाचे फोटो आलेत, बघून तरी जा!" ती थांबली नाही.

घरी चिमणी जेवणाच्या टेबलाशी बूट घालून पाय हलवत बसली होती. जोडारणीने तिला कवटाळलं, मटामट मुके घेतले, केसांत नाक खुपसलं. तोच वास, तीच खळी. बाप शेजारी पेपर वाचत होता, जसं काही घडलंच नाही.

"चल गं राणी, पटकन हात धू, तुला भरवते."

चिमणी कोरडं खोकली. इवल्याशा बोटाचं पेर तिने टेबलावर टकटक वाजवलं.

"बस, पोरी," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"