बेसमेंटची लांबी

“घट्ट धरा, बाबा. सरकतंय.”

जनार्दनरावांनी टेपचं टोक काँक्रीटच्या भिंतीवर अंगठ्याने दाबून धरलं. पलीकडच्या भिंतीशी त्यांचा मुलगा नंदन गुडघ्यावर बसला होता. मधे वॉटर हीटर, घर गरम ठेवणारी फर्नेस आणि एडमंटनच्या महाराष्ट्र मंडळाने वाचनालय बंद केल्यावर इथे आणून टाकलेली पुस्तकांची बेचाळीस खोकी.

“सोळा मीटर दहा,” नंदन म्हणाला. “पॉइंट टू-टू रायफलला भरपूर झालं.”

“आणि मागच्या भिंतीला काय?”

“गोळ्या अडवणारा स्टीलचा ट्रॅप. नाहीतर तुमची खोकी रचू. कागद गोळी छान अडवतो म्हणतात. जुने दिवाळी अंक कुणाच्या तरी कामी येतील.”

जनार्दनराव हसले. हसू बाहेर पडलं आणि तोंडात काहीतरी आंबलेलं आल्यासारखं झालं. ते हसायला नको होतं. पण नंदन थट्टा करत होता, त्यांच्याशी करत होता, आणि असं फारसं कधी घडलं नव्हतं.

खरं तर ही सगळी खटपट त्यांनीच शक्य करून ठेवली होती. आयुष्यभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी प्रकाशनं लावलेला माणूस. नंदनने एका संध्याकाळी सहज विचारलं, “बाबा, घरात शूटिंग रेंज केली तर कायद्याने चालतं का हो?” आणि ते कामाला लागले. शहरात चाललं नसतं. पण हे घर शहराबाहेर, पाच एकरांवर. त्यांनी काउंटीचे नियम काढले, बंदुकीचा कायदा काढला, खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या. पिस्तुलाचं नाव काढायचं नाही. एकट्याने साधी रायफल चालवली तर एक गोष्ट. मित्र नेमाने येऊ लागले, तर अल्बर्टा प्रांताच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागेल. शिशाची धूळ फर्नेसच्या हवेबरोबर वर झोपायच्या खोल्यांपर्यंत जाते, म्हणून पंखा वेगळा, हवा बाहेर टाकणारा. घराच्या विमा कंपनीला लेखी कळवायचं. नंदन रोज जेवणानंतर शेजारी बसून ऐकायचा. ‘आपण’ म्हणायचा. आपण हे करू, आपण ते विचारू.

त्या ‘आपण’साठी त्यांनी कॅटलॉगमधली टार्गेटंही पाहिली होती. माणसाच्या आकाराची, छातीवर गोल काढलेली. पान उलटल्यावर त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली होती.

टेप मिटवून दोघे वर आले. डायनिंग टेबलावर बंदुकीच्या लायसन्सचा फॉर्म होता. नंदनचा सेफ्टी कोर्स झाला होता. आता एवढंच राहिलं होतं. घरातले आणि ओळखीतले सगळे फॉर्म जनार्दनराव भरत. जयदीपच्या आईबाबांचा व्हिसा, अरुणाची सिटिझनशिप, निम्म्या मंडळाचे पासपोर्ट त्यांनीच भरले होते, ठळक सुट्या अक्षरांत. ओट्यापाशी गौरांगी पोह्यांवर कोथिंबीर चिरत होती.

“शोधलंत का, मला कुठे सही करायची?” तिने मागे न वळता विचारलं.

“नवऱ्याच्या अर्जावर बायकोची सही मागतात,” जनार्दनराव म्हणाले. “नाही केलीस तर ते तुला कळवतात, एवढंच. तशी फॉर्मॅलिटी.”

“फॉर्मॅलिटी,” ती म्हणाली.

नाव, पत्ता, डोळ्यांचा रंग. मग वैयक्तिक इतिहासाची पानं आली. जनार्दनराव वाचत होते, नंदन फोनवर बोट फिरवत उत्तरं देत होता. गुन्हा? नाही. कोर्टाचा मनाई हुकूम? नाही.

“गेल्या पाच वर्षांत डिप्रेशन, किंवा...” त्यांनी पुढचे शब्द मनात वाचले. “किंवा त्यासाठी डॉक्टरी उपचार?”

“नाही.”

पेन कागदाच्या वर थांबलं. “डॉक्टरकडे गेला होतास ना? लेऑफनंतर. गोळ्या होत्या.”

“झोपेच्या होत्या, बाबा. तेव्हा आख्खं अल्बर्टा झोपेच्या गोळ्या खात होतं.” तो फोनमधून वर बघून हसला. “आपण हे पूर्ण करतोय ना? मग ‘नाही’वर टिक मारा.”

जनार्दनरावांनी टिक मारली. चौकटीच्या बरोबर मधे, कुठेही रेषेला न टेकणारी.

नंदनने सही केली, जॅकेट अंगात अडकवलं आणि फोटो आणायला म्हणून गाडी काढली. गौरांगी हात पुसत आली. तिने शेवटच्या पानावर सही करायची सोडून पहिल्यापासून वाचायला घेतलं. एका पानावर ती बराच वेळ थांबली.

“हे तुम्ही भरलंत, बाबा?”

“हो.”

“मग बरोबरच असेल.” तिने सही केली आणि पेन त्यांच्यासमोर आडवं ठेवलं.

तिने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि समोरची खुर्ची ओढली.

“लेऑफनंतरच्या त्या हिवाळ्यात तो चार महिने खाली बेसमेंटमध्येच झोपायचा. मी लॅबच्या शिफ्टला जायचे. जाताना तुम्हाला सांगायचे, बाबा, दिवसा खाली बसून त्या पुस्तकांचा कॅटलॉग करा. आठवतंय?”

“केला की मी. अकराशे नोंदी झाल्या.”

“कशासाठी सांगत होते असं वाटलं तुम्हाला?”

जनार्दनरावांनी चमचा उचलला आणि खाली ठेवला. पुस्तकांसाठी, असं वाटलं होतं. या घरात कुणाला तरी पुस्तकांची पडली आहे, याचा त्यांना त्या वेळी इतका आनंद झाला होता की दोन आठवडे ते नंदनला, त्याने पांघरूण झटकलं तरी, ‘हळू, पानं उडतील’ म्हणत होते. तो सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढी वाढलेली, अंगाला वास. त्या वासाची त्यांना शिसारी यायची. ते उजेडाकडे तोंड करून बसायचे.

“गॅरेजची दोरी, गोळ्यांची बाटली, सगळं मी बॅगेत घालून लॅबमध्ये न्यायचे,” गौरांगी म्हणाली. “तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला झेपलं नसतं. माझं चुकलंच ते.”

“मग आज सही का केलीस?”

“मी ‘नको’ म्हटलं की तो चार दिवस बोलत नाही. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तिथे खोटं लिहिणार नाही.”

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. मग फाइलमधला कोरा फॉर्म काढला. ते नेहमी दोन प्रती छापत. पहिल्या ओळीपासून भरायला घेतलं. या वेळी अक्षरं वाकडी येत होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

नंदन आला तेव्हा ते वैयक्तिक इतिहासावर पोचले होते.

“झालं ना?” त्याने फोटोंचं पाकीट टेबलावर टाकलं.

“चूक झाली माझी एक. तू बस.”

“काय चूक?”

त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. या वेळी मोठ्याने आणि शेवटच्या शब्दापर्यंत. मग ‘हो’वर टिक मारली. नंदनने आधी फॉर्मकडे पाहिलं, मग गौरांगीकडे. ती उठली नाही.

“हे सांगून मोकळी झालीस?” तो तिला म्हणाला.

“तिला नको बोलूस. पेन माझ्या हातात आहे.”

“बाबा, असं लिहिलंत तर लायसन्स मिळणारच नाही.”

“मिळेल किंवा नाही मिळणार. ते चौकशी करतील, डॉक्टरला विचारतील. अर्जावर रेफरन्स म्हणून माझं नाव आहे, मलाही फोन करतील.”

“आणि काय सांगणार तुम्ही? तुम्हाला काय माहितीये त्या दिवसांचं?”

खाली फर्नेस सुरू झाली. जनार्दनरावांनी चष्मा काढला. त्याविना नंदनचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तो परत लावला.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “चार महिने मी त्याच खोलीत होतो, आणि तुझ्याकडे पाठ करून बसलो होतो. तेच सांगेन.”